बारा मिनिटांत पाठ होणारा पासवर्ड: एका पेपरची उलटतपासणी

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म रिन्यू करायला बसलो आणि पासवर्ड काही आठवेना. वर्षापूर्वी धाराशिवच्या एका नेट कॅफेत घाईत ठेवलेला. ओटीपी जायचा तो बंद पडलेल्या सिमवर. काम झालं, पण अगदी शेवटच्या दिवशी. चूक माझीच होती. म्हणून जोसेफ बोनो आणि स्टुअर्ट शेक्टर यांचा २०१४ चा पेपर हातात आला तेव्हा तो जरा जास्तच बारकाईने वाचला. पेट-नेटची तयारी करणाऱ्यांनीही वाचावा असा आहे.

पेपरचा दावा धाडसी आहे. मजबूत गुपित माणसाच्या लक्षात राहत नाही, हे लेखकांना मान्य नाही. त्यांनी लोकांना दोन आठवड्यांत ९० वेळा लॉगिन करायला लावलं आणि दरवेळी गुपिताचा तुकडा थोडा उशिरा दाखवला. पाठ असेल तर टाइप करा, नाहीतर थांबा. ९४ टक्के लोकांना ५६ बिटांचं अख्खं गुपित पाठ झालं. एकूण जादा वेळ १२ मिनिटांपेक्षा कमी. किमान तीन दिवसांनी विचारलं तेव्हा ८८ टक्क्यांना ते बिनचूक आठवलं.

५६ बिट म्हणजे किती, ते आपल्या हिशेबात बघू. आपल्याकडे पासवर्ड कसा ठेवतात? तालुक्याचं नाव, जन्मसाल, शेवटी एखादं चिन्ह. जिल्ह्यात तालुके ८, साल १००, चिन्हं १० धरा. झाले ८,००० पर्याय, म्हणजे जेमतेम १३ बिट. फासे टाकून शब्द निवडायच्या डाइसवेअर यादीत ७,७७६ शब्द असतात. म्हणजे आपला ‘अवघड’ पासवर्ड त्यातल्या जवळपास एका शब्दाइतकाच! पेपरमधलं गुपित सहा शब्दांचं किंवा बारा अक्षरांचं, आणि ते यंत्राने निवडलेलं. खरी ताकद या यादृच्छिक निवडीत आहे, चिन्हांत नाही.

आता माझे आक्षेप.

पहिला: हे यश सरावाचं आहे. निम्म्या लोकांना पाठ व्हायला ३६ किंवा त्याहून जास्त लॉगिन लागले. आपण शिष्यवृत्तीचा फॉर्म वर्षातून एकदा उघडतो. तिथे सराव होणार कधी?

दुसरा: २१ टक्के लोकांनी गुपित लिहून ठेवल्याचं सांगितलं. ८८ टक्क्यांचा आकडा वाचताना हे विसरू नका.

तिसरा: गुपित एकच होतं. फ्लोरेन्सियो आणि हर्ली यांच्या २००७ च्या अभ्यासात एका माणसाची सरासरी २५ खाती निघाली होती आणि पासवर्ड फक्त साडेसहा. म्हणजे तोच पासवर्ड फिरवून फिरवून वापरायचा. एक साइट फुटली की बाकीचीही गेली.

म्हणून पासवर्ड मॅनेजर हवाच. पण तोही देव नव्हे. २०२२ मध्ये लास्टपासमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण ते कुलूप ज्याच्या-त्याच्या मास्टर पासवर्डइतकंच पक्कं. इथे हा पेपर खरा कामाला येतो. २५ गुपितं पाठ करू नका, एकच करा, तेही रोज लागणारं. बाकीची मॅनेजरकडे सोपवा. मी मास्टर पासवर्डचा एक कागद घरी कपाटातही ठेवलाय. आणि तो पासवर्ड कॅफेच्या कॉम्प्युटरवर मी टाकत नाही.

एक जागा मात्र रिकामीच आहे. यातले शब्द इंग्रजी. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना आपण एकदा ‘व्ही’ लावतो, एकदा ‘डब्ल्यू’. शब्द आठवेल, स्पेलिंग चुकेल. मग मराठी शब्दयादी कशी करायची? विषय शोधत असाल तर इथे एक प्रश्न आहे. आणि कुठलाही पेपर वाचताना आधी विचारा: यातला माणूस दिवसातून किती वेळा लॉगिन करतो, आणि मी किती वेळा?