गाळलेला परिच्छेद

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याविषयी एक हकिगत नेहमी आदराने सांगितली जाते. थॉमस जेफरसनने मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार करणारा परिच्छेद लिहिला होता. जुलै १७७६ मध्ये काँग्रेसने तो गाळला. म्हणजे लेखकाचा विवेक जागा होता, कचरले ते सहकारी. खुद्द जेफरसनने १८२१ च्या आत्मवृत्तात असाच सूर लावला आहे. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया यांची मर्जी राखण्यासाठी तो वगळला, आणि गुलामांची वाहतूक करणाऱ्या उत्तरेकडच्या मंडळींनाही तो बोचला, असे तो म्हणतो. ते खरे मानू. पण परिच्छेद तरी नीट वाचावा.

राजा तिसऱ्या जॉर्जवरच्या आरोपांच्या यादीत तो शेवटी येतो. राजाने दूरदेशीच्या निरपराध लोकांना पकडवून गुलाम केले, हा व्यापार रोखू पाहणारे वसाहतींचे कायदे हाणून पाडले, अशी तक्रार आहे. ‘माणसे’ हा शब्द जेफरसनने मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, आणि तिथे त्याची लेखणी खरोखर तापलेली दिसते. मात्र आरोपी एकटा राजा. बाजारात ही माणसे विकत घेणारा कोण, याविषयी अवाक्षर नाही. लिहिणारा स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता! कायद्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. १७७२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने आयात रोखण्यासाठी राजाकडे अर्ज केला होता. पण आयात थांबली असती तर तिथल्या मळेवाल्यांजवळच्या गुलामांची किंमत वाढणार होती, हेही विसरू नये.

खरी मेख उत्तरार्धात आहे. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने जाहीर केले, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. शेकडो जण पळून त्याला मिळाले. जेफरसनच्या लेखी हा राजाचा आणखी एक गुन्हा: ज्यांचे स्वातंत्र्य हिरावले, त्यांनाच तो आमच्या जिवावर सोडतो. गुलामाने सुटकेसाठी घेतलेली धाव इथे दुसऱ्याचे कारस्थान ठरते.

काँग्रेसने परिच्छेद खोडला खरा, पण अंतर्गत बंडे भडकावल्याचा आरोप राजावर नव्या शब्दांत ठेवला, तोही मूलनिवासी जमातींना क्रूर रानटी ठरवणाऱ्या शब्दांना जोडून. ही बंडे म्हणजे मुख्यतः गुलामांची, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. गेली ती कणव, भीती राहिली. त्यामुळे गाळलेल्या मजकुरावर जेफरसनचा विवेक मोजणे मला भाबडेपणाचे वाटते.

जाहीरनाम्याचा सरळ अर्थ लावला तो दुसऱ्यांनीच. जानेवारी १७७७ मध्ये प्रिन्स हॉल आणि इतर कृष्णवर्णीयांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गुलामांच्या मुक्तीसाठी अर्ज केला. त्याआधी, १७७६ मध्येच, लेम्युएल हेन्झ या कृष्णवर्णीय सैनिकाने गुलामगिरीविरुद्ध निबंध लिहून समतेचे वाक्य त्याच्या माथ्यावर घातले. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना. हे लोक हेन्झचे वारस, त्या काँग्रेसचे नव्हेत. हेन्झचा निबंध मात्र हस्तलिखितातच पडून होता. तो छापला गेला १९८३ मध्ये.