चार तत्त्वें आणि एक कोंबडी

प्रा. जॉर्ज रिट्झर ह्यांचें ‘द मॅकडोनल्डायझेशन ऑफ सोसायटी’ हें पुस्तक १९९३ सालीं प्रसिद्ध झालें. अप्पा बळवंत चौकांतील जुन्या पुस्तकांच्या ढिगांत त्याची एक प्रत परवां हातीं लागली, आणि इतकीं वर्षें राहून गेलेलें वाचन घडलें. कार्यक्षमता, मोजदाद, ठराविकपणा व नियंत्रण ह्या चार तत्त्वांवर झटपट खाद्यगृहांचा व्यवहार उभा आहे, आणि तींच तत्त्वें विद्यालयांत व रुग्णालयांतही शिरत आहेत, असा ग्रंथकारांचा सिद्धांत आहे. मूळ कल्पना माक्स वेबरची. तें ऋण ते मोकळेपणानें मान्य करितात.

सिद्धांत पटण्यासारखा आहे. पण त्याचा ‘घाईचें खाणें वाईट’ असा जो अर्थ सर्रास केला जातो, तो चुकीचा होय. आमच्या बुधवारांतील गाडीवरचा वडापावही दोन मिनिटांत हातीं पडतो. परंतु ह्या गाडीचा वडा त्या गाडीसारखा लागत नाहीं, आणि तळणाराचा हात बिघडला कीं गिऱ्हाईक तें ओळखतें. दोष घाईंत नाहीं. करणाराच्या हातचें कौशल्य काढून तें यंत्रांत व नियमांत घालण्यांत आहे. मॅकडोनल्ड बंधूंनीं १९४८ सालीं कॅलिफोर्नियांत हेंच केलें. ह्या पद्धतीचें मूळ शिकागोच्या कत्तलखान्यांत सांपडतें: टांगलेलें जनावर पुढें सरके व प्रत्येक कामगार एकच काप घेई. मोटारी जोडण्याची कल्पना त्यावरून सुचल्याचें हेन्री फोर्ड ह्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे.

मांसाच्या कारखानदारीला पुस्तकांत जागा आहे, पण केवळ नियंत्रणाचा मासला म्हणून. ग्रंथकार बहुधा गिऱ्हाइकाच्या बाकावरून उठत नाहींत, हें आमच्या मतें त्याचें मोठें वैगुण्य. महाराष्ट्रांतील कंत्राटी कोंबडीपालन पाहावें. पिलें, खाद्य व औषधें कंपनीचीं. शेड, वीज, पाणी व राबणूक शेतकऱ्याची. सुमारें सहा आठवड्यांनीं कंपनी पक्षी वजन करून नेते व किलोमागें पालनाची मजुरी देते; खाद्य अधिक लागलें किंवा मर वाढली तर मजुरी घटते. बाजारभाव पडल्यास तोटा कंपनीचा, आणि म्हणूनच शेतकरी हा करार आपण होऊन पत्करितो, हें सांगितलें पाहिजे. परंतु पुढचीं पिलें केव्हां येतील हें त्याच्या हातीं नसतें. शेडच्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं. जोखीम कोणाच्या पदरीं टाकावयाची, हें पांचवें तत्त्व ग्रंथकारांच्या यादींत नाहीं.

अप्टन सिंक्लेअर ह्यांची ‘द जंगल’ १९०६ सालीं आली. ती लिहिली कामगारांसाठीं. वाचकांना धास्ती पडली आपल्या ताटांतील मांसाची, आणि त्याच वर्षीं कायदा झाला तोही मांसाच्या तपासणीचा. रिट्झर ह्यांचें पुस्तक वाचतांना ही गोष्ट वारंवार आठवली.

पुस्तकाच्या पुढें अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आहेत. घेणारानें अलीकडची घ्यावी.