नव्वद फुटी मारुती आणि शुगर लँडचे बाकीचे पुतळे

ऑगस्ट २०२४मध्ये ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये, श्री अष्टलक्ष्मी मंदिराच्या आवारात, नव्वद फुटी हनुमान उभा राहिला. कल्पना चिन्न जीयर स्वामींची, मुद्रा अभयाची. राम-सीतेची पुन्हा भेट घडवणारा म्हणून नाव ‘स्टॅच्यू ऑफ युनियन’. सोहळ्यात हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी झाली. बातम्यांनी मात्र एकच गोष्ट घोकली: अमेरिकेतला तिसऱ्या क्रमांकाचा उंच पुतळा. घडण कशी आहे, चेहऱ्यावर भाव कोणता आहे, याबद्दल जवळजवळ कुणी काही लिहिलं नाही. त्याच महिन्याच्या २६ तारखेला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पस्तीस फुटी शिवपुतळा कोसळला, अनावरणाला नऊ महिनेही झाले नसताना. नवा पुतळा राम सुतारांच्या हातचा, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी उंच. कोसळण्यावरचा उपायसुद्धा आपल्याला फुटांतच सुचतो.

सुतारांना दोष देण्यात अर्थ नाही. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा हा माणूस व्यक्तिशिल्पातला पक्का जाणकार, पण १८२ मीटरचे सरदार पटेल करताना चेहरा वाचायला जागा राहतेच किती? त्याच्यापुढे विनायक करमरकरांचा पुण्यातला १९२८चा अश्वारूढ शिवाजी ठेवून पाहा. घोड्याच्या मानेतला ताण आणि स्वाराची बैठक खालून, चालता चालता वाचता येते. अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या घरच्या संग्रहालयात तर म्हैससुद्धा आहे. करमरकरांनी तिला महाराजांच्या घोड्याइतकंच मन लावून घडवलंय. स्मारकांच्या नादात आपण म्हशीची ही परंपरा सोडून दिली.

हनुमानाकडे परत येतो. मराठी माणसाचा मारुती वेशीवरचा, शेंदराने माखलेला. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी शहापूरचा मारुती चुन्याचा. समोर हात जोडून उभं राहिलं की नजर त्याच्या डोळ्यांना भिडते. दर्शनाला एवढंच अंतर लागतं. शुगर लँडला पायांशी उभं राहिलं तर मान मोडेस्तोवर वर पाहावं लागतं, चेहरा हवा असेल तर मागे मागे सरकावं लागतं. शिल्प म्हणून मला ते अपुरं वाटतं. पण ज्या टेक्ससमध्ये सिनेटचा एक उमेदवार २०२५मध्ये या मूर्तीवर जाहीर तोंडसुख घेतो, तिथे दुरून दिसणं हेही एक काम आहे. ही हजेरीची उंची आहे, आणि ती हजेरी लागली.

गावच्या टाउन स्क्वेअरमध्ये वेगळाच प्रकार. नगरभवनासमोर टेक्ससचा संस्थापक म्हणून गौरवला जाणारा स्टीफन ऑस्टिन घोड्यावर आहे. जवळच, २०१६मध्ये एका रहिवाशाने शहराला दिलेल्या शिल्पांपैकी, सेल्फी घेणाऱ्या दोन मुली. त्यांची इंटरनेटवर यथेच्छ टिंगल झाली. मला त्या टिंगलीइतक्या वाईट वाटत नाहीत. जोतं नाही, माप माणसाचं, लोक त्यांच्या शेजारी उभे राहून स्वतःचा सेल्फी काढतात. करमरकरांच्या म्हशीला निदान या एका बाबतीत त्या जवळच्या. पण चेहरे पाहावेत तर दुकानाच्या काचेतल्या बाहुल्या. त्या कोण, कुठल्या, हे शिल्पकाराला ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही.

ज्यांना खरोखर ओळख द्यायला हवी होती ते मातीखाली होते. २०१८मध्ये शाळेच्या नव्या इमारतीचं काम चालू असताना पंच्याण्णव कृष्णवर्णीयांचे सांगाडे सापडले. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर टेक्सस सरकार कैदी भाड्याने देई, आणि ते इथल्या उसाच्या मळ्यांत राबून मरत. ज्या साखरेवरून गावाचं नाव पडलं, ती अशी पिके. स्वतः तुरुंगात पहारेकरी राहिलेले रेजिनाल्ड मूर कित्येक वर्षं सांगत होते की इथे कबरी असणार. कुणी मनावर घेतलं नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये त्या अस्थी तिथेच पुन्हा पुरल्या, पुढच्या वर्षी मूरही गेले. चौकात ऑस्टिन आहे, सेल्फी आहे. हातात कोयता धरलेला माणूस नाही.

ब्राँझला कुणी सांगितलं नाही ते काम गाण्याने मात्र केलं. लोकगायक हडी लेडबेटर, म्हणजे लेडबेली, १९२०पासून इथल्याच तुरुंगी मळ्यावर कैदी होता. गव्हर्नर पॅट नेफसमोर तो गायला आणि १९२५मध्ये माफी मिळून सुटला. रात्रीच्या गाडीचा उजेड कोठडीत पडतो ते ‘मिडनाइट स्पेशल’ त्याने रचलं नाही, पण जगाला ऐकवलं त्यानेच. १९३३मध्ये जॉन आणि ॲलन लोमॅक्स हे लोकगीतं गोळा करणारे पितापुत्र ध्वनिमुद्रणाचं यंत्र गाडीत घालून टेक्ससच्या तुरुंगांतून फिरले. शुगर लँडला त्यांना ‘आयर्न हेड’ बेकर आणि ‘क्लिअर रॉक’ प्लॅट हे दोन गायक कैदी भेटले. त्या मुद्रणांत टाळ्या नाहीत, वाद्यमेळ नाही. माणूस समोर बसून गातोय, एवढंच माप आहे त्याला.