गिजुभाईंचें ‘दिवास्वप्न’

शाळेंत प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा, एवढ्या एका गोष्टीवरून त्या शाळेची परीक्षा करतां येते. आपल्याकडे हा अधिकार पिढ्यान् पिढ्या शिक्षकाच्या हातीं राहिला आहे. आणि शिक्षकही बहुधा ज्याचें उत्तर त्याला आधींच ठाऊक आहे असाच प्रश्न विचारतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण-धोरणानें शिक्षण जिज्ञासेवर व शोधावर आधारलेलें असावें असें म्हटलें आहे. धोरणांतील हा शब्द वर्गांत कसा उतरतो, हें पाहावयाचें तर गिजुभाई बधेका ह्यांचें ‘दिवास्वप्न’ हें पुस्तक पुन्हां एकदां चिकित्सक दृष्टीनें वाचणें उचित होईल.

गिजुभाई मूळचे वकील. १९१६ सालीं ते भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत आले व १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर सुरू केलें. ‘दिवास्वप्न’ हें त्यांचें गुजराती पुस्तक पुढें प्रसिद्ध झालें. मराठी वाचकास तें परकें वाटण्याचें कारण नाहीं. भावनगरास गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनींच पुढें बोर्डी व कोसबाड येथें बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेलें.

पुस्तकाचें कथानक साधें आहे. शिक्षणाच्या नव्या विचारांनीं भारलेला एक गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि एका सामान्य प्राथमिक शाळेंतील चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठीं मागून घेतो. वर्षअखेर परीक्षेचा निकाल दिसला पाहिजे, ह्या बोलीवर त्याला तो मिळतो. पुढें गोष्टी, खेळ, नाटकें, स्वच्छतेचे धडे, वर्गाबाहेरची भटकंती असा वर्षाचा क्रम तो स्वतःच आपल्याला सांगतो.

ह्या पुस्तकाची प्रशंसा करणारे बहुधा त्यांतील आनंदी मुलांकडे बोट दाखवितात. आमच्या मतें त्याचें मोल पहिल्या दिवसाच्या फजितींत आहे. माँटेसरी-पद्धतींतून उचललेला शांततेचा खेळ हा गृहस्थ मोठ्या विश्वासानें वर्गांत मांडतो. मुलें शांत बसण्याऐवजीं गोंगाट करतात आणि अखेर त्यांना सुट्टी द्यावी लागते. मुख्याध्यापक रागावतात. पण तो मुलांना दोष देत नाहीं आणि छडीही हातीं घेत नाहीं. आपलें कोठें चुकलें असावें, ह्याचा तो विचार करतो आणि दुसऱ्या दिवशीं गोष्ट सांगावयास बसतो. अनुमान, प्रयोग, अपयश आणि नवें अनुमान ही शास्त्रज्ञाची रीत येथें प्रथम शिक्षकाच्या आचरणांत दिसते. जो शिक्षक स्वतः शोध करीत नाहीं, त्याच्या वर्गांत मुलें शोध करतील ही आशा व्यर्थ आहे.

ग्रंथालयाचा प्रसंगही असाच विचार करण्याजोगा आहे. प्रत्येकानें तेंच पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजीं ते पैसे एकत्र करून निरनिराळीं पुस्तकें आणावींत, असें हा शिक्षक सुचवितो. ह्यांत काटकसरीहून मोठी गोष्ट आहे. सर्वांच्या हातीं एकच पुस्तक असलें, कीं पान कितवें एवढेंच विचारावयाचें उरतें. पुस्तकें निराळीं झालीं, कीं मुलांना एकमेकांस सांगण्यासारखें कांहीं असतें.

तथापि पुस्तकाचा दोषही स्पष्ट सांगितला पाहिजे. मुलें येथें ऐकतात, खेळतात, हंसतात, वाचतात. परंतु शिक्षकाला निरुत्तर करणारा हट्टी प्रश्न त्यांच्या तोंडून क्वचितच येतो. गोष्टीची गोडी ही जिज्ञासेची पहिली पायरी खरी, पण गोडी म्हणजे चिकित्सा नव्हे. शिवाय प्रयोगाच्या यशाची मोहोर अखेर अधिकाऱ्याच्या प्रसन्नतेनेंच उमटते. वरिष्ठ संतुष्ट झाले नसते, तर त्या मुलांनीं मिळविलेलें खोटें ठरलें असतें काय? लेखक ह्या प्रश्नाजवळ थांबत नाहीं.

हा प्रश्न पुढें प्रत्यक्षांत उभा राहिला. १९७२ सालीं मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्याच्या १६ शाळांत ‘किशोर भारती’ व रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ ह्या संस्थांनीं विज्ञान-शिक्षणाचा प्रयोग आरंभिला. १९७८ पर्यंत तो जिल्हाभर पसरला व १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेनें तो चालविला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ ह्या पुस्तकांत तयार उत्तरें नसत. मुलांनीं टोळ्या करून प्रयोग करावयाचे, दिसेल तें लिहावयाचें व त्यावरून निष्कर्ष काढावयाचा. परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवण्यास मुभा होती, आणि प्रयोगही करून दाखवावा लागे. मनांत आलेली शंका ‘सवालीराम’ ह्या कल्पित व्यक्तीस टपालानें कळविण्याची सोय होती. गिजुभाईंच्या वर्गांत जो आवाज क्षीण होता, तो येथें पत्रांतून बोलूं लागला. शिक्षकही दरमहा एकत्र जमून आपल्या अडचणी मांडीत. म्हणजे ‘दिवास्वप्ना’तील एकाकी प्रयोगकर्त्यास येथें सोबती मिळाले. आणि तरीही २००२ सालीं सरकारी आज्ञेनें हा कार्यक्रम बंद झाला.

कथेंतील प्रयोग एका अधिकाऱ्याच्या मर्जीनें जगला. प्रत्यक्षांतला तीस वर्षें चालून सरकारच्या मर्जीबरोबर संपला. विचार करण्याची संवय केवळ वरून मिळालेल्या परवानगीवर जगत नाहीं, हा दोहोंचा बोध आहे. तिला समाजांत मूळ धरावें लागतें, आणि तें मूळ सुशिक्षित घरांतच प्रथम रुजावयास हवें. मुलाची वही पाहतांना आपण गुण मोजतों. त्यानें स्वतः काय पाहिलें व कोठें अडला, हें विचारावयास आपल्याला सवड नसते. शाळेनें मुलास विचार करावयास शिकवावें अशी अपेक्षा धरणाऱ्या पालकानें, त्या विचाराला लागणारा वेळ आणि त्यांत होणाऱ्या चुकाही सोसावयास हव्यात.

म्हणून ‘दिवास्वप्न’ हें आदर्श वर्गाची कृति सांगणारें पुस्तक म्हणून वाचूं नये. तसें वाचणारा शिक्षक दुसऱ्याचा शांततेचा खेळ उचलून आणील आणि पहिल्याच दिवशीं फसेल. तें एका प्रयोगकर्त्याची रोजनिशी म्हणून वाचावें. आणि गिजुभाईंनीं जो प्रश्न मुलांच्या तोंडीं पुरेसा घातला नाहीं, तो आपल्या घरीं व आपल्या वर्गांत ऐकूं येतो कीं नाहीं, ह्याकडे कान द्यावा.