अद्भुताचे वाचन : वेरूळचे कैलास लेणे आणि लुप्त संस्कृतींचे सिद्धांत

वेरूळचे सोळावे लेणे, ज्याला कैलास म्हणतात, ते मानवी हातांचे काम नव्हे असे मत गेल्या काही दशकांत बरेच प्रसृत झाले आहे. ह्या मताचा साचा बाहेरचा आहे. एरिक फॉन डॅनिकेन ह्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राचीन वास्तूंचे श्रेय परग्रहावरील आगंतुकांना दिले. ग्रॅहॅम हॅनकॉक ह्यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात आगंतुकांना रजा दिली. परंतु त्यांच्या जागी शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस बुडालेली, जगाला विद्या शिकवून गेलेली एक प्रगत संस्कृती बसविली. पुढे दूरचित्रवाणीने आणि लोकप्रिय लेखनाने कैलास ह्या साच्यात ओतला. विद्वानांनी ह्यावर बहुधा हसणे किंवा गप्प राहणे पसंत केले. परंतु ह्या दोहोंपैकी एकही उत्तर नव्हे. हा वाद वरवर दगडाचा दिसत असला तरी त्याचे मूळ वाचनात आहे, आणि वाचनाचे दोष दाखविणे हे भाषाभ्यासकाचे कामच आहे.

प्रथम आकड्यांचा विचार करावा, कारण वाचकाला दिपविण्याचे काम तेच करतात. चार लक्ष टन दगड अठरा वर्षांत काढला, मग तासाला किती टन काढला, असा हिशेब मांडला जातो आणि उत्तर अशक्य ठरविले जाते. ह्यांतील ‘अठरा वर्षे’ कोणत्याही लेखात नाहीत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या राज्यकालावरून (सुमारे इ. स. ७५६ ते ७७३) तो आकडा ओढूनताणून काढलेला आहे. तथापि वादापुरते दोन्ही आकडे मान्य करू. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर एकंदर ५,४०० दिवस होतात आणि रोजचे काम सुमारे ७४ टनांचे ठरते. बेसाल्टची घनता पाहता हे २५ घनमीटर, म्हणजे सुमारे ९०० घनफूट. एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट खडक फोडू शकतो असा अंदाज ह्या विषयात वापरला गेला आहे. म. के. ढवळीकरांनी त्याच आधारावर अडीचशे माणसांना साडेपाच वर्षे पुरेशी होतील असे गणित मांडले. त्यांनी धरलेले खडकाचे घनफळ अर्थातच बरेच कमी होते. चार लक्ष टनांच्या फुगविलेल्या आकड्यालाही ह्या हिशेबाने सव्वादोनशे पाथरवट पुरतात. मूर्तिकाम, दगड वाहून नेणे, टाक्यांना धार लावणारे लोहार, ह्या सर्वांची माणसे त्यांत मिळविली, अंदाजात दुपटीची चूक धरली, तरी संख्या हजाराच्या आसपास राहते. ज्या राजवंशाने बदामीच्या चालुक्यांचे साम्राज्य जिंकून घेतले त्याला हजार माणसे पोसणे जड नव्हते. एकूण काय, ‘तासाला पाच टन’ ह्या शब्दप्रयोगात सारी जादू आहे. तो ऐकताच एकच माणूस पाच टनांपुढे उभा असल्याचे चित्र मनात येते.

परंतु आकड्यांपेक्षा लेखांचे वाचन अधिक उद्बोधक आहे. कैलासाच्या निर्मितीचा उल्लेख बडोदे येथील ताम्रपटात येतो. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतील कर्क सुवर्णवर्ष ह्याने शके ७३४ मध्ये, म्हणजे इ. स. ८१२ साली, वटपद्रक गावाचे दान दिले त्याचा हा पट. कृष्णाच्या मृत्यूला तेव्हा चार दशके लोटली होती. म्हणजे साक्ष समकालीन नसली तरी घरची आणि जवळची आहे. कृष्णराजाच्या वर्णनात कवी सांगतो की, एलापुराच्या डोंगरावरील ते अद्भुत मंदिर पाहून विमानांतून जाणारे देवसुद्धा विस्मित झाले. हे शिवाचे स्थान स्वयंभू असले पाहिजे, कृत्रिम वस्तूत अशी शोभा दिसत नाही, असे ते आपसांत म्हणू लागले. इतकेच नव्हे तर ज्या शिल्पकाराने ते घडविले तोही, असे दुसरे काम आपल्या हातून होणार नाही हे जाणून, ‘अहो, हे मी केले तरी कसे’ असे म्हणून थक्क झाला. एलापुर म्हणजे वेरूळ ही ओळख पटवून ह्या श्लोकांचे महत्त्व रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते.

आता ह्या श्लोकांपुढे दोन वाचक उभे करावेत. एक म्हणेल : विमाने आली होती, देवांनी स्वतः हे मनुष्यकृत नव्हे असे सांगितले, आणि ज्याच्या नावावर काम चढविले त्यालाही ते कसे झाले हे ठाऊक नव्हते. आणखी पुरावा कोणता हवा? दुसरा वाचक ज्याने चार काव्ये वाचली आहेत तो. त्याला ठाऊक असते की विमानांतील देव हे दरबारी काव्यातील नित्याचे प्रेक्षक आहेत. राजाचे युद्ध असो वा स्वयंवर, ते वर हजर असतातच. कृत्रिमाला स्वयंभू समजणे ह्याला भ्रांतिमान् म्हणावे की अतिशयोक्ती, ह्याविषयी अलंकारशास्त्री वाद घालतील. परंतु त्या अलंकाराचा जीवच मुळी वस्तू कृत्रिम असण्यात आहे. ती माणसाने घडविलेली नसती तर देवांची भूल पडण्यात कसले काव्य? श्लोकाचे अलंकरण बाजूला केले की खाली साधे विधान उरते : राजा कृष्ण, स्थळ एलापुर, काम शिवमंदिराचे, कर्ता एक कारागीर. पहिला वाचक अलंकाराला विधान मानतो आणि विधानाला अलंकार. लुप्त संस्कृतींच्या सिद्धांतांचा हा मूळ वाचनदोष आहे. बाकीचे दोष त्याची पिल्ले आहेत.

दंतकथेच्या बाबतीतही तेच. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त एलापुरच्या राजाची आणि राणी माणिकावतीची कथा आहे. मंदिराचा कळस दिसेपर्यंत अन्न घ्यायचे नाही असा राणीचा नेम. सारे कारागीर हतबल झाले तेव्हा पैठणचा कोकास पुढे आला आणि त्याने आठवड्याच्या आत कळस दाखविला, कारण त्याने कामाला आरंभच वरून केला. आठवड्यात कैलास झाला असे मानणारा भाबडा. परंतु ही कथा टाकून देणाराही उतावळाच म्हणावा लागेल. लेणे शिखरापासून खाली कोरत आले, तीन बाजूंनी खोल चर खणून मधला खडक वेगळा केला, ही तंत्राची खूण कथेने अनेक शतके जपली आहे. नावाची गोष्ट मात्र वेगळी. जैन महाराष्ट्रीतील ‘वसुदेवहिंडी’त कोक्कास नावाचा एक कारागीर येतो, आणि तो आकाशात उडणारी यंत्रे करतो. म्हणजे कोकास हे प्राकृत कथावाङ्मयापासून चालत आलेले अद्भुत कारागिराचे ठरीव नाव आहे. जिथे काम थोर आणि कर्ता अज्ञात, तिथे लोकांनी कोकासाला नेऊन बसविले. उडत्या यंत्रांच्या शोधात असलेल्यांनी ह्या नावावर अजून झडप घातली नसेल तर तो केवळ योगायोग.

हा वाचनदोष परदेशांत कसा वाढला हे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. प्रशांत महासागरात बुडालेल्या ‘मू’ खंडाचे उदाहरण भाषाभ्यासकाला विशेष बोधप्रद आहे, कारण हे खंड समुद्रातून वर आले नाही, ते चुकीच्या वर्णमालेतून वर आले. सोळाव्या शतकात युकातानमध्ये बिशप दिएगो दे लांदा ह्यांनी माया लेखकांकडून त्यांची ‘मुळाक्षरे’ लिहून घेतली होती. ते हस्तलिखित फ्रेंच धर्मोपदेशक ब्रास्यर द बूर्बूर ह्यांना सापडले आणि १८६४ मध्ये त्यांनी ते छापले. पुढे त्या अक्षरांच्या साहाय्याने त्यांनी एक माया पोथी वाचायला घेतली, तीत ‘मू’ हा शब्द त्यांना दिसला आणि त्याभोवती महाप्रलयाची कथा उभी राहिली. ह्याच बीजावर जेम्स चर्चवर्ड ह्यांनी १९२६ मध्ये बुडालेल्या खंडाचा ग्रंथ रचला, आणि त्याला आधार म्हणून भारतातील एका मंदिरात आपण पाहिलेल्या गुप्त मृत्पट्टिकांचा हवाला दिला. त्या पट्टिका दुसऱ्या कोणाच्याही दृष्टीस पडल्या नाहीत. १९५२ मध्ये यूरी क्नोरोझोव ह्या रशियन विद्वानाने दाखविले की लांदांची चिन्हे अक्षरांची नव्हेत, अवयवांची, म्हणजे ‘का’, ‘कू’ अशा ध्वनिगटांची आहेत. लांदांनी स्पॅनिश अक्षराचे नाव उच्चारले आणि माया लेखकाने त्या नावाचा आवाज लिहून दिला, इतकेच घडले होते. आज ती पोथी वाचता येते. तीत पंचांग आहे, शकुन आहेत, मधमाश्या पाळण्याचे मुहूर्त आहेत, प्रलय नाही.

दगडाच्या बाबतीत पेरूचे उदाहरण वेरूळला जवळचे आहे. कुस्को शहरावरील साक्सायवामानच्या तटात शंभर टनांहून जड असे चिरे बिनचुन्याने जोडलेले आहेत. ते कसे बसविले ह्याविषयी दोन प्रकारची वचने उपलब्ध आहेत. पहिले पेद्रो सिएसा दे लिऑन ह्यांचे. स्पॅनिश विजयानंतर थोड्याच वर्षांनी त्यांनी कुस्कोतील इंका सरदारांकडून ऐकून लिहिले की ह्या कामाला प्रांतांतून वीस हजार माणसे पाळीपाळीने आणवीत; चार हजार दगड काढीत, सहा हजार कातड्याच्या आणि वाखाच्या दोरांनी ते ओढीत, बाकीचे पाया खणीत आणि लाकूड तोडीत. दुसरे वचन पर्सी फॉसेट ह्यांच्या १९५३ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनातील : कोणी कोणाला सांगितले की डोंगरात एक वनस्पती आहे, तिच्या रसाने दगड लोण्यासारखा मऊ होतो. पहिले वचन हिशेबनीसाचे, दुसरे ऐकीव. लुप्त संस्कृतीचे पुरस्कर्ते पहिले ओलांडून दुसऱ्याकडे धावतात. वास्तुशास्त्रज्ञ झाँ-पिएर प्रोट्झेन ह्यांनी मात्र १९८० नंतरच्या वर्षांत खाणींतच पडलेले दगडी हातोडे उचलले आणि अँडेसाइटचा एक लहान चिरा स्वतः घडवून पाहिला. तीन बाजू आणि पाच कडा नीट करायला त्यांना दीड तासाहून अधिक वेळ लागला नाही. त्यांच्या चिऱ्यावर मध्ये मोठे आणि कडेला बारीक असे घाव उमटले, कारण कडेसाठी लहान हातोडा घ्यावा लागतो. इंका भिंतींवरील घाव तसेच आहेत. ओलांतायतांबो येथे खाणीपासून बांधकामापर्यंतच्या वाटेवर अर्ध्यात टाकून दिलेले चिरे पडले आहेत. त्यांना तिथे ‘थकलेले दगड’ म्हणतात, आणि ओढल्याने घासून गुळगुळीत झालेल्या बाजूही त्यांच्यावर दिसतात. शंभर टनांच्या चिऱ्यांविषयीचे सर्व प्रश्न ह्याने सुटत नाहीत. परंतु प्रश्न हाताच्या आणि दोराच्या कक्षेत येतात.

वेरूळलाही घाव आहेत. टाकीचे घाव कैलासाच्या भिंतींवर आजही उघड्या डोळ्यांना दिसतात. आणि वेरूळच्या मागे शब्दही आहेत. कोणतीही विद्या आकाशातून पडली असेल तर तिच्या मागे शब्दांची पायवाट नसते. इथे ती ठळक आहे. ‘लेणे’ हा शब्द सातवाहनकालीन शिलालेखांतील ‘लेण’चाच वारस. कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात कामावर असलेल्यांचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत : ‘सेलवढकि’ म्हणजे दगडाचे सुतार, ‘मिठिक’ म्हणजे घोटाई करणारे, आणि आणखी काही. ‘सेलवढकि’ ह्या समासाकडे थांबून पाहिले पाहिजे. ‘वढकि’, संस्कृत ‘वर्धकि’, हा मूळचा लाकूडकाम करणारा. हिंदीतील ‘बढ़ई’ त्याचाच वंशज. त्याच्या मागे ‘शैल’ लावून नव्या कारागिराचे नाव पाडले गेले, म्हणजे सुताराची विद्या दगडात उतरली हे त्या समासातच नोंदलेले आहे. कार्ल्याच्या चैत्याला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या आहेत, आणि त्याचे द्वारमुख धेनुकाकट येथील सामि नावाच्या वढकीने, वेणुवासाच्या मुलाने केले असा लेख तिथेच कोरलेला आहे. कार्ल्यापासून कैलासापर्यंत सुमारे सातशे वर्षांचे अंतर. ह्या काळात सह्याद्रीचा कातळ शेकडो ठिकाणी कोरला गेला. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अर्धवट राहिल्यामुळे खडक कोणत्या क्रमाने काढीत हेही तिथे समजते. एवढी उमेदवारी केलेल्या परंपरेने शेवटी कैलास काढला, ह्यात अकस्मात असे काही नाही.

लुप्त संस्कृतींच्या पुरस्कर्त्यांचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. ‘कसे केले?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, आणि कैलासावरील विद्वल्लेखनाने तो बराच काळ बाजूला ठेवला. मूर्तींची लक्षणे, शैलींचा क्रम, दंतिदुर्गाने आरंभ केला की कृष्णाने, ह्यांवर पुष्कळ शाई खर्च झाली. टाकी किती दिवसांनी बोथट होत असे ह्यावर फारच थोडी. जाणत्यांनी मोकळी सोडलेली जागा अजाणत्यांनी भरली. परंतु प्रश्न रास्त असला तरी त्यांचे उत्तर अन्यायाचे आहे. आश्चर्य वाढविण्यासाठी त्यांना करणाऱ्याला वजा करावे लागते, आणि वजा होतो तो नेहमी पाथरवट. राजाचे नाव बहुधा शिल्लक राहते.

कैलासाचा आराखडा ज्याच्यावरून घेतला तो पट्टदकलचा विरूपाक्ष, चालुक्य राणी लोकमहादेवीने आठव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविलेला. नंदीमंडप, सभामंडप, शिखर ह्यांची मांडणी जुळते, आणि चालुक्यांचे राज्य राष्ट्रकूटांकडे गेले तेव्हा त्यांच्या पदरचे शिल्पीही गेले असणे संभवनीय आहे. विरूपाक्षावरील कन्नड लेखांत स्थपतींची नावे कोरलेली आहेत : गुंड अनिवारिताचारी आणि सर्वसिद्धि आचारी. बडोद्याच्या ताम्रपटाच्या कवीने वेरूळच्या स्थपतीचे नाव दिले नाही. त्याने त्याच्या तोंडी एक वाक्य मात्र घातले, आणि त्या वाक्यातील कर्त्याचे सर्वनाम उत्तम पुरुषी आहे : मी केले.