सहसंयुजी व धातवीय स्फटिक : एका वर्गीकरणाची परीक्षा

स्फटिकांचे आयनिक, सहसंयुजी, धातवीय व आण्विक असे चार वर्ग पाडण्याची प्रथा अध्यापनात रूढ आहे. प्रत्येक वर्गासमोर कठिनता, द्रवणांक व संवाहकता यांचे रकाने भरले की विषय संपला, असे विद्यार्थ्यास वाटू लागते. आरंभीच्या मार्गदर्शनास हे कोष्टक उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि पदव्युत्तर पातळीवरही तेच अंतिम मानले जाते, तेव्हा त्याची परीक्षा आवश्यक ठरते.

कोष्टकाचे बळ रचनेत आहे. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू १.५४ अँगस्ट्रॉम अंतरावरील चार अणूंशी चतुष्फलकी दिशांनी बांधलेला असतो. अणू परस्परांस टेकलेले गोल मानल्यास ते अवकाशाचा केवळ ३४ टक्के भाग व्यापतात. तांब्यातील बंधास असे दिशेचे बंधन नसल्याने प्रत्येक अणूभोवती बारा शेजारी येतात व हे प्रमाण ७४ टक्के होते. तांब्याचे थर एकमेकांवरून सरकू शकतात, म्हणून ते तन्य. हिऱ्यात बंधच तुटावे लागतात, म्हणून तो कठीण परंतु ठिसूळ. येथवर कोष्टक खरे उतरते.

अडचण पुढे येते. हिरा विद्युत्-रोधक असूनही उष्णतेच्या संवाहकतेत तांब्याहून सुमारे पाचपट सरस आहे; कारण तेथे उष्णता इलेक्ट्रॉन नव्हे, तर जालकाची कंपने वाहून नेतात. हिरा, सिलिकॉन, जर्मेनियम व करडे कथिल या चौघांची रचना एकच; परंतु ऊर्जाअंतर अनुक्रमे सुमारे ५.५, १.१, ०.७ व जवळजवळ शून्य इलेक्ट्रॉन-व्होल्ट असे घटत जाते. मग रोधक कोठे संपतो व धातू कोठे सुरू होतो? कथिल तर १३ अंश सेल्सिअसच्या वर पांढरा धातू आहे. सिलिकॉन १४१४ अंशांस वितळताच अधिक घन होऊन धातूप्रमाणे वागू लागते.

या प्रश्नासाठी प्रयोगशाळेबाहेरही पुरावा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडचा परिसर दख्खनच्या बेसाल्टाचा आहे. या खडकातील मॅग्नेटाइट हे ऑक्साइड असल्याने रूढ कोष्टकात ते आयनिक ठरते. म्हणजे त्याने घनावस्थेत वीज वाहू नये. प्रत्यक्षात ते सामान्य तापमानास बऱ्यापैकी संवाहक आहे, कारण इलेक्ट्रॉन लोहाच्या द्विसंयुजी व त्रिसंयुजी स्थानांमध्ये फिरतो. सुमारे १२० केल्व्हिनखाली ही मोकळीक जाते व संवाहकता एकदम घटते. याच जिल्ह्यातील लोणार विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. तेथे उल्केच्या आघाताने बेसाल्टातील फेल्स्पारचे, न वितळता, काचेत रूपांतर झाल्याचे आढळते. संघटन तेच राहिले. केवळ अणूंची शिस्त गेली आणि स्फटिकाचे प्रकाशीय गुणधर्मही गेले.

यावरून वर्गांची नावे टाकून द्यावीत असे निष्पन्न होत नाही. बंधाचे नाव हा स्पष्टीकरणाचा प्रारंभ आहे, शेवट नव्हे, एवढेच सिद्ध होते. अणूस किती शेजारी आहेत, बंधास दिशा आहे काय, ऊर्जाअंतर किती व ते तापमान-दाबाने कसे बदलते, हे प्रश्न प्रत्येक स्फटिकास विचारावयास हवेत. ज्यास केवळ कोष्टक पाठ आहे, तो ज्ञात पदार्थाचे वर्णन करील. नव्या पदार्थाविषयी अनुमान मात्र त्यास करता येणार नाही. पदव्युत्तर अध्ययनाची कसोटी तर तेथेच लागते.