उल्लेखसंख्या आणि संशोधनाचे मोल : दा. ध. कोसंबी यांच्या कार्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

संशोधकाचे कार्य आकड्यांनी मोजण्याची पद्धत आता महाविद्यालयीन क्षेत्रातही रूढ झाली आहे. यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात विज्ञानातील उल्लेखांची सूची प्रसिद्ध केली, ती मुख्यतः संदर्भशोधाचे साधन म्हणून. पुढे २००५ मध्ये हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' मांडला. एखाद्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख लाभले, परंतु अकरा लेखांना प्रत्येकी अकरा लाभले नाहीत, तर त्याचा निर्देशांक दहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी निवड व पदोन्नतीसाठी गुणांकन आणले आणि हा विषय प्राध्यापकांच्या जिव्हाळ्याचा झाला. अनेक ज्ञानशाखांत वावरलेल्या विद्वानाला ही मोजपट्टी कितपत न्याय देते, हे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखात तपासले आहे.

एका लेखाची ख्याती

फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असताना कोसंबींनी 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात चार पृष्ठांचा एक लेख लिहिला. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर पुनःसंयोगाच्या प्रमाणावरून कसे काढावे, हा त्याचा विषय. हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात गुणसूत्रांवरील अदलाबदली परस्परांपासून स्वतंत्र मानल्या होत्या. एक अदलाबदल जवळच्या दुसरीला अडथळा करते, ही बाब कोसंबींनी हिशेबात घेतली. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारे अभ्यासक आजही हे सूत्र वापरतात. त्यांच्या सर्वाधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या लेखांत याची गणना होते. तथापि कोसंबी जनुकशास्त्रज्ञ नव्हते. शिवाय या लेखाचे वर्ष कोणी १९४३ देतात, कोणी १९४४. सूत्र इतके परिचित झाले आहे की, कित्येकदा केवळ नाव येते, मूळ लेखाचा निर्देश येत नाही. म्हणजे जेथे गणना सर्वांत अनुकूल, तेथेही ती काटेकोर नाही.

गणनेबाहेरचे कार्य

'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त १९४३ मध्ये त्यांनी फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर लेख प्रसिद्ध केला. यादृच्छिक प्रक्रियेचे परस्परलंब घटकांत विघटन करण्याची जी रीत त्यात आहे, ती पुढे कारहुनेन व लोएव्ह यांच्या नावाने जगन्मान्य झाली. या दोघांचे लेखन काही वर्षांनंतरचे आहे. कल्पना वापरात राहिली; उल्लेख मात्र दुसऱ्यांच्या खाती जमा झाले.

नाणकशास्त्रात त्यांनी आहत नाण्यांची वजने घेतली. चलनात नाणे झिजते, म्हणून सरासरी वजन व वजनांतील विचलन यांवरून नाणेनिधींचा कालक्रम लावता येतो, असे त्यांनी दाखविले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (१९४८) आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा इंग्रजी ग्रंथ (१९५६) यांनी त्या त्या विषयांतील विचाराची दिशा बदलली. पण नियतकालिकांतील लेखांवर आधारलेल्या सूचीत ग्रंथाचे वजन ते किती? अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली संहिता आणि चार पानांचा लेख, दोहोंची नोंद एकेकच.

दुसरी बाजू

येथे एकांगी होऊन चालणार नाही. रीमानच्या गृहीतकाची सिद्धता आपल्याला सापडल्याचा कोसंबींचा दावा १९५९ च्या सुमारास कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला. तो तज्ज्ञांच्या कसोटीस उतरला नाही. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची नियुक्ती पुढे चालू राहिली नाही. बहुशाखीय संचार म्हणजे परीक्षणातून सूट नव्हे, हाच याचा बोध. मात्र तो दोष आकड्यांनी उघड केला नाही. खंडनार्थ केलेला उल्लेखही सूचीत एक उल्लेखच असतो. सिद्धता वाचणाऱ्या गणितज्ञांनीच तो ओळखला.

आकड्यांच्या समर्थकांचा एक युक्तिवाद विचारार्ह आहे. निवड समितीतील वशिलेबाजीला आकडा काही प्रमाणात आळा घालतो, असे ते म्हणतात. हे अंशतः मान्य करावे लागेल. पण आळा घालण्याचे साधन हेच मूल्यमापनाचे साध्य ठरले, की लेखांचे तुकडे पाडणे आणि परस्परांचे उल्लेख करणे यांना उत्तेजन मिळते. पक्षपात एका दारातून बाहेर जातो आणि दुसऱ्या दाराने आत येतो.

समारोप

उल्लेखसंख्या एखादे कार्य कोठे वापरले गेले, हे सांगते. ते कार्य काय आहे, हे सांगत नाही. वनस्पती-जनुकशास्त्रातील संख्या संस्कृत किंवा इतिहासाच्या संख्येशी ताडून पाहणे तर सर्वथा निरर्थक, कारण प्रत्येक शाखेची लेखनाची व उल्लेखाची प्रथा भिन्न आहे. म्हणून संशोधकाने आपली निवडक चार-पाच कामे सादर करावीत, त्या त्या शाखेच्या जाणकाराने ती वाचून लेखी अभिप्राय द्यावा आणि आकडा केवळ पूरक माहिती म्हणून जोडावा. या पद्धतीस वेळ लागेल, हे खरे. परंतु संहिता-संपादनात आयुष्याची दहा वर्षे वेचणाऱ्या अध्यापकाच्या प्रस्तावावर जी समिती ती संहिता न उघडताच गुण देते, तिने मूल्यमापन केले असे म्हणता येणार नाही.